पॅरिसच्या आलिशान हॉटेलात एक संध्याकाळ: आरक्षण करण्यापूर्वी काय ठरवावे

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी थोडक्यात असे लिहिले आहे: लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत असल्याने ते आणि त्यांच्या पत्नी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पॅरिसला जात आहेत आणि त्यातली एक संध्याकाळ एखाद्या नामांकित हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये जेवण्यासाठी राखून ठेवायची आहे. पत्नी शाकाहारी आहेत, वाइनमधले दोघांनाही फारसे कळत नाही, खर्च झेपेल पण तो वाया जाऊ नये असे वाटते. ‘सर्वांत उत्तम रेस्टॉरंट कोणते, आणि तिथे आमचे हसे तर होणार नाही ना?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

मी पॅरिसमधल्या अशा हॉटेलांच्या भोजनदालनांत बरीच वर्षे काम केले आहे. आधी पाहुण्यांना वाढण्याचे आणि पुढे दालनाची सगळी व्यवस्था पाहण्याचे. त्या अनुभवावरून सांगते की, नाराज होऊन परतणाऱ्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना जेवण आवडलेले नसते. बहुतेकांनी चुकीचा दिवस किंवा चुकीची वेळ निवडलेली असते, झेपणार नाही इतके लांबलचक जेवण मागवलेले असते, किंवा आपल्याला काय हवे आणि काय चालत नाही हे रेस्टॉरंटला आधी कळवलेलेच नसते. म्हणून ‘सर्वांत उत्तम कोणते’ हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. तुमची संध्याकाळ कशी जाईल हे टेबलावर बसल्यावर फारसे ठरत नाही. ते आरक्षण करताना ठरते.

आधी ताऱ्यांविषयी, कारण निवडीची सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात. मिशेलिन या रेस्टॉरंटांची पारख करणाऱ्या फ्रेंच मार्गदर्शिकेने १९२६ पासून तारे द्यायला सुरुवात केली आणि १९३६ मध्ये त्यांचे निकष प्रसिद्ध केले. तीन तारे म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवास करावा अशी जागा. मात्र हे तारे फक्त ताटातल्या पदार्थांसाठी असतात. दालनाची शोभा, खुर्च्यांचा आराम, वाढणाऱ्यांची आपुलकी, खिडकीतून दिसणारे दृश्य, यांपैकी कशाचाही ताऱ्यांत हिशेब नसतो. फ्रान्समध्ये हॉटेलांसाठी ‘पॅलेस’ नावाचा आणखी एक अधिकृत मान आहे. तो २०१० मध्ये सुरू झाला आणि पंचतारांकित हॉटेलांपैकी निवडक हॉटेलांनाच मिळतो. पण तो संपूर्ण हॉटेलला मिळतो, रेस्टॉरंटला नव्हे. दोघांनी निवांत बसून पंचवीस वर्षांच्या गप्पा माराव्यात अशी संध्याकाळ हवी असेल, तर एक किंवा दोन तारे असलेले दालन तीन ताऱ्यांच्या दालनापेक्षा अधिक सुखाचे ठरू शकते. तीन ताऱ्यांच्या जेवणात प्रत्येक पदार्थ तुमचे लक्ष मागतो, आणि बोलणे मध्येच तोडून त्या पदार्थाची ओळख ऐकावी लागते. काहींना तेच हवे असते, काहींना नसते. तुम्ही कोणत्या गटातले आहात हे मला इथून सांगता येणार नाही.

आता जागांविषयी. पाळेमुळे शोधायची तर वांदोम चौकातल्या रिट्झपासून सुरुवात करावी लागते. १८९८ मध्ये सेझार रिट्झ यांनी ते हॉटेल उघडले तेव्हा स्वयंपाकघर ओग्युस्त एस्कोफिए यांच्या हाती होते. आजच्या मोठ्या स्वयंपाकघरांत प्रत्येक टप्प्याचे काम ठरावीक माणसाकडे सोपवण्याची जी पद्धत दिसते, ती रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. उत्तम हॉटेल आणि उत्तम जेवण एकाच छताखाली असावे ही कल्पना या जोडीमुळे प्रतिष्ठित झाली. भरजरी थाट आवडत असेल तर त्युइलरी बागेसमोरच्या ल मूरिसचे दालन पाहावे. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या एका दालनावरून त्याची सजावट स्फुरली आहे आणि आरसे व झुंबरांनी ते भरून गेलेले आहे. जॉर्ज पंचम हॉटेलमधले ‘ल सँक’ फुलांच्या भव्य रचनांतून वाट काढत गाठावे लागते. शेफ क्रिस्तियाँ ल स्केर यांच्या हाताखाली त्याला २०१६ मध्ये तीन तारे मिळाले. ल ब्रिस्टॉलमधल्या ‘एपिक्यूर’ला हॉटेलच्या आतल्या बागेचा शेजार आहे, आणि शहराच्या ऐन गजबजाटात ती शांतता मला नेहमीच मोलाची वाटत आली आहे.

आयफेल मनोरा दिसलाच पाहिजे असे असेल, तर यादी एकदम लहान होते. वर सांगितलेल्यांपैकी कोणत्याही दालनात त्या दृश्यासाठी जाऊ नये. पेनिन्सुला हॉटेलच्या गच्चीवरचे ‘ल्वाझो ब्लाँ’ हे मनोरा दिसणारे आणि जेवणही त्या तोलाचे असणारे ठिकाण आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पॅरिसला सूर्यास्त सात ते साडेसातच्या दरम्यान होतो, आणि अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला मनोरा पाच मिनिटे चमचमतो. तेव्हा संध्याकाळची पहिली वेळ घेतलीत तर मावळता प्रकाश आणि दिवे दोन्ही पदरात पडतात. खिडकीलगतचे टेबल मात्र नुसत्या आरक्षणाने मिळेल असे धरून चालू नका. ते मागावे लागते आणि तरीही त्याची हमी क्वचितच दिली जाते.

जुनी परीक्षणे वाचून निवड करण्यात एक धोका आहे. हॉटेल तेच, नाव तेच, दालनही तेच राहते, आणि शेफ बदलतो. प्लाझा आतेने हॉटेलमध्ये आलँ द्युकास यांच्या जागी २०२१ मध्ये जाँ अँबेर आले. एपिक्यूरमध्ये एरिक फ्रेशाँ पंचवीस वर्षांनंतर २०२४ मध्ये पायउतार झाले. ज्या पदार्थाच्या वर्णनाने तुम्हाला भुरळ घातली, तो आता कदाचित पानावर येतही नसेल. म्हणून हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सध्याचा मेनू पाहा आणि किमतीही तिथेच पाहा.

किमतींचे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. तीन ताऱ्यांच्या ठिकाणी रात्रीचे ठरावीक क्रमाचे जेवण बहुतेक वेळा माणशी ३०० युरोंच्या पुढे जाते, काही ठिकाणी ४०० च्याही पुढे. आणि यात वाइन धरलेली नसते. दुपारचा मेनू जिथे असतो तिथे तो बराच स्वस्त असतो. स्वयंपाकघर तेच असते, वाढणारे बहुतेक तेच असतात, पदार्थ मात्र थोडे कमी असतात. अलीकडे अनेक मोठ्या दालनांनी दुपारची सेवा आठवड्याच्या मोजक्या दिवसांपुरती ठेवली आहे किंवा बंदच केली आहे, आणि रविवार-सोमवारी पूर्ण सुट्टी असणेही सर्रास आढळते. म्हणून विमानाची तिकिटे हाती आल्यावर सर्वांत आधी वार तपासा. तुम्ही ‘संध्याकाळ’ म्हटले आहे, तरीही एपिक्यूरसारख्या बागेलगतच्या दालनात दुपारी जेवावे आणि संध्याकाळ सीन नदीकाठी फिरण्यासाठी मोकळी ठेवावी, हा पर्याय मी तुमच्यापुढे गंभीरपणे ठेवते.

त्यामागे पैशापलीकडचेही एक कारण आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलेपर्यंत पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते. फ्रेंच माणूस रात्री आठला जेवायला बसतो तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने साडेअकरा वाजलेले असतात. पूर्ण जेवण तीन तास चालते, म्हणजे मिष्टान्न समोर येईपर्यंत पहाटेचे अडीच. पोहोचल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरक्षण केलेले पाहुणे मी ओळखू शकत असे: पहिल्या दोन पदार्थांना ते उत्साहाने दाद देत आणि चीझची गाडी येईपर्यंत त्यांचे डोळे मिटू लागलेले असत. सहल आठवड्याची असेल तर चौथा किंवा पाचवा दिवस धरा, रात्रीची सर्वांत लवकरची वेळ मागा, आणि त्या दुपारी अगदी हलके खा.

आता शाकाहाराकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला खरा कळीचा भाग माझ्या मते हाच आहे. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढ्याने पॅरिसमध्ये काम भागत नाही. मांस आणि मासे ताटात दिसणार नाहीत, एवढी काळजी कोणतेही चांगले स्वयंपाकघर घेईलच. पण फ्रेंच पाककलेचा पाया ज्या अर्कांवर उभा आहे ते वासराच्या हाडांचे, कोंबडीचे किंवा माशांचे असतात आणि ते सॉसमध्ये, सूपमध्ये, कधी भाज्या शिजवण्यासाठीही वापरले जातात. मूस किंवा थंड गोड पदार्थ घट्ट करण्यासाठी जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ, घातलेले असू शकते. परंपरागत फ्रेंच चीझ तर बहुधा प्राणिज रेनेटने, म्हणजे वासरासारख्या प्राण्याच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने, विरजलेले असते. कोंते किंवा रोकफोर यांसारख्या नामांकित चीझना हे लागू आहे. तुमच्या पत्नींना अंडे चालते का, चीझमधल्या रेनेटचा त्या विचार करतात का, ज्या पदार्थात वाइन घालून आटवली आहे तो चालतो का, हे मला माहीत नाही. पण शेफला ते माहीत असायला हवे. त्यांच्याशी बसून या एकेका गोष्टीचे उत्तर ठरवा आणि ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा.

आधी का, तर असे अर्क आदल्या दिवसापासून तयार होत असतात आणि सॉस दुपारीच बांधून ठेवलेले असतात. ऐन वेळी टेबलावर सांगितले तर स्वयंपाकघर नकार देत नाही, पण मग मूळ पदार्थातून मांस वगळून उरलेले ताटात येते: सॉसविना भाजी, शेजारी थोडे सॅलड. चार-पाच दिवस आधी कळवले तर तोच शेफ भाज्यांना केंद्रस्थानी ठेवून स्वतंत्र पदार्थ रचतो, आणि मी सांगते, त्यातले काही पदार्थ शेजारच्या टेबलावरच्या मांसाहारी पाहुण्यांनीही चौकशी करावी इतके देखणे असत. ऋतूही तुमच्या बाजूने आहे. ऑक्टोबरमध्ये सेप जातीच्या रानअळंब्या, भोपळ्याचे निरनिराळे प्रकार, चेस्टनट, अंजीर, नासपती असे पुष्कळ काही बाजारात असते. शिकारीच्या मांसाचाही हाच हंगाम असल्याने मेनूवर त्याचा भरणा दिसेल. ते पाहून दचकू नका.

यातच एक लहानसा नियम आडवा येऊ शकतो. ठरावीक क्रमाचे मोठे जेवण अनेक ठिकाणी टेबलावरच्या सर्वांनी मिळून घ्यावे अशी अट असते, कारण दोघांची ताटे एकाच क्षणी टेबलावर ठेवायची असतात. तुम्ही मांसाहारी क्रम घेणार आणि पत्नी शाकाहारी, तर दोन्ही क्रमांत पदार्थांची संख्या जुळवून मिळेल का, एवढे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी जुळवून मिळते.

आरक्षणाच्या पत्रात आणखी काय लिहावे? लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे हे जरूर लिहा, आणि त्यानिमित्त काही केलेले आवडेल की नको, हेही लिहा. अशा दालनांत गाजावाजा नसतो. फार तर गोड पदार्थाच्या ताटलीवर चॉकलेटने लिहिलेल्या दोन शब्दांशेजारी मेणबत्ती येते. मेजवानी तुमच्याकडून असून पत्नींनी किमतींकडे पाहून पदार्थ निवडू नये असे वाटत असेल, तर त्यांना किमती नसलेले मेनूकार्ड द्यावे अशी विनंती करता येते; ही जुनी रीत काही रेस्टॉरंटांनी अजून जपली आहे. दोघांनाही किमती दिसाव्यात असे असेल, तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे अवघडलेपणा टळेल. रात्री अमुक वाजेपर्यंत उठायचे आहे हे सांगण्यातही काही गैर नाही. जेवणाची गती स्वयंपाकघर त्याप्रमाणे सांभाळते. आरक्षणासाठी बहुधा क्रेडिट कार्डाचा तपशील मागतात, आणि न कळवता गैरहजर राहिल्यास किंवा अगदी उशिरा रद्द केल्यास माणशी ठरलेली रक्कम कापतात. ती मुदत प्रत्येक ठिकाणी निराळी असते, ती वाचून ठेवा.

हसे होण्याच्या भीतीबद्दल आता लिहिते. ही भीती मुख्यतः काट्या-चमच्यांची असते, आणि ती जवळजवळ निराधार आहे. मोठ्या दालनांत सगळे काटे-चमचे आधीपासून मांडून ठेवलेले नसतात. प्रत्येक पदार्थाआधी त्या पदार्थापुरतेच मांडले जातात. समोर जे आहे ते वापरायचे. पदार्थ संपला की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवा, आणि मध्येच विसावा हवा असेल तर दोन्ही वेगवेगळे ठेवा. वाढणारा लांबूनच समजतो. दोघांपैकी एकाचे खाऊन व्हायचे असेल तर दुसऱ्याची ताटली सहसा उचलली जात नाही, म्हणून घाई करू नका. मध्ये उठलात तर परत येईपर्यंत रुमाल घडी करून ठेवलेला किंवा बदललेला असेल. पत्नींच्या पर्ससाठी खुर्चीशेजारी छोटे स्टूल आणले जाईल. काही जणी त्यावर पाय ठेवतात, आणि आम्ही ते पाहिले नाही असे दाखवतो.

पोशाखाचे सोपे आहे. पुरुषांनी कोट घालावा. टाय सहसा आवश्यक नसतो, खेळाचे बूट आणि अर्धी विजार मात्र टाळावी. रेशमी साडी या दालनांत अतिशय शोभून दिसते. बाहेर थंडी असेल, पण ओव्हरकोट दारातच घेतला जातो आणि आत उबदार असते.

वाइनच्या जाडजूड यादीने गोंधळून जाऊ नका. वाइन सुचवण्यासाठी जो सोमेलिए येतो, त्याच्यासमोर जाणकार असल्याचा आव आणण्याची गरज नाही. उलट त्याने त्याचे काम अवघड होते. यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून ‘साधारण अशी काहीतरी’ एवढेच म्हणा. शेजारच्या टेबलावर किंवा पत्नींनाही आकडा न कळता त्याला तुमची मर्यादा कळते, आणि जो त्यानंतर मुद्दाम महागडी बाटली पुढे करतो त्याला त्याचे काम येत नाही असे समजावे. बाटली उघडल्यावर घोटभर चाखायला देतात ती वाइन बिघडलेली तर नाही ना, हे पाहण्यासाठी. बुरशीचा, ओलसर पुठ्ठ्यासारखा वास आला तर सांगायचे, एरवी मान हलवायची. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळा पेला, अशी जोडीने वाइन घेण्याची सोय असते, पण तीन तासांत ती बरीच होते. मद्याची सवय नसलेल्यांना मी दोघांत मिळून एकच संच घेण्याचा सल्ला देत असे. अजिबात मद्य नको असेल तर फळे, वनस्पती आणि चहा यांपासून केलेली पेये पदार्थांच्या जोडीने आता अनेक दालनांत मिळतात.

बिल जिथे नकळत फुगते त्या दोन जागा याच्याही आधी येतात. बसल्याबसल्या शॅम्पेनची गाडी टेबलाशी येते आणि ‘एक पेला?’ असे इतक्या सहजपणे विचारले जाते की ते स्वागतच वाटते. तो पेला बिलात असतो, आणि अशा ठिकाणी तो स्वस्त नसतो. घ्यायचा असेल तर आनंदाने घ्या, पण किमतीची यादी मागून घ्या. दुसरी जागा पाण्याची. साधे की बुडबुड्यांचे, असे विचारतात तेव्हा दोन्ही पर्याय बाटलीबंद पाण्याचे असतात. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाचे पिण्याचे पाणी विनामूल्य मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. ‘काराफ दो’ म्हटले की सुरईतून पाणी येते, आणि त्यामुळे तुमचा मान कमी होत नाही.

जेवणाचा क्रम साधारण असा असतो: स्वयंपाकघराकडून आलेले दोन-तीन छोटे घास, सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, चीझ, मग गोड पदार्थ, आणि कॉफीबरोबर पुन्हा लहान मिठाया. सुरुवातीचे घास आणि शेवटच्या मिठाया मेनूत लिहिलेल्या नसतात आणि त्यांचे वेगळे पैसेही पडत नाहीत. गोड पदार्थांच्या आधी चीझ येते हे ठाऊक नसल्याने अनेक जण पाव खाऊनच पोट भरून बसतात. पाव खरोखरच उत्तम असतो, तरीही हात आवरा.

सगळे संपल्यावर बराच वेळ कोणी बिल आणत नाही, आणि नवखे पाहुणे अस्वस्थ होतात. हे दुर्लक्ष नव्हे. न मागता बिल पुढे ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठायला सांगणे, अशी तिथली समजूत आहे; ते टेबल त्या रात्रीपुरते तुमचेच असते. उठायचे झाले की नजरेने खूण करून बिल मागा. मेनूवरच्या किमतीत कर आणि सेवाशुल्क दोन्ही आधीच धरलेले असतात, कारण फ्रान्समध्ये तसा नियमच आहे. त्यामुळे शेकडा अमुक इतकी बक्षिसी द्यायलाच हवी असे काही बंधन नाही. कोणी विशेष काळजी घेतली असे वाटले तर थोडी रोख रक्कम ठेवावी. न ठेवल्याने कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

हे सारे वाचून तीन तासांचे जेवण नकोच असे वाटले, तर त्याच हॉटेलांत दुसरीही दारे आहेत. दुपारचा चहा, बारमधले एखादे पेय, किंवा हॉटेलचे दुसरे, कमी औपचारिक रेस्टॉरंट. बहुतेक मोठ्या हॉटेलांत यांपैकी दोन तरी असतात, आणि फुलांनी भरलेल्या त्या वास्तूत तासभर बसण्याचा आनंद तिथेही मिळतो. तुमच्या पत्नींना विचारा की त्यांना नेमके काय आवडेल: अपूर्व पदार्थ, सुंदर दालन की मनोऱ्याचे दृश्य. त्यांचे उत्तर, प्रवासाच्या तारखा आणि शाकाहाराचा तपशील इथे लिहिलात, तर आरक्षणाच्या पत्राचा फ्रेंच मसुदा मी करून देईन.